घरगाडीचे तीन मुक्काम

“चाचा, गाडीतला संडास भरला की तो रिकामा कुठी करायचा, अन् करन कोण?”

उमेराने हे विचारलं तेव्हा अय्यूब मिस्त्रींच्या यवतमाळच्या गॅरेजात पंचवीस-तीस माणसं हातात पेढा धरून उभी होती आणि इमरान चाचांचं भाषण ऐन रंगात आलं होतं. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. तो मागे टायरांच्या ढिगावर बसलेल्या तिच्या वर्गमैत्रिणींचा, साधनाचा आणि गंगीचा होता. ‘विचारून दाखव, सगळ्यांसमोर,’ असं दोघींनी तिला डिवचलं होतं. नववीपर्यंत हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज ओठातच राहायचा, त्या उमेराने दहावीत येताच वक्तृत्वाची ढाल आणली होती. तेव्हापासून तिला बोलतं कसं करावं ही घरच्यांची चिंता मिटली होती आणि गप्प कसं करावं ही सुरू झाली होती.

चाचा हसले. मूर्खांना समजावताना ते नेहमी आधी हसत. “बेटा, त्याच्यासाठी हुकअप असते. बाहेरच्या देशात मुक्कामाच्या जागी खांबच असते उभा. त्याच्यावर लाइटचा बोर्ड, खाली नळ, अन् बाजूले सांडपाण्याचं तोंड. गाडी लावली, वायर खुपसली, पाइप जोडला. येणारं येते, जाणारं जाते.”

“अन् दारव्हा रोडवर हा खांब कुठी हाये?”

टायरांचा ढीग खदखदला. तिच्या अब्बूंच्या, म्हणजे खुद्द अय्यूब मिस्त्रींच्या, घशात पेढा अडकला. चाचा म्हणाले, “तेच तं आपल्याले शोधायचं हाये,” आणि घाईघाईने फीत कापायला वळले.

फितीच्या पलीकडे घरगाडी उभी होती. मूळची ती शाळेची मिनीबस. अब्बूंनी चार महिने खपून तिला पांढरा रंग दिला होता, तरी दाराच्या खाचांतून जुना पिवळा डोकावत होताच. आत दोन पलंग, एक सिंक, दोनशे लिटरची टाकी, छतावर सोलरच्या दोन पाट्या, पलंगाखाली चार मोठ्या बॅटऱ्या. आणि सगळ्यात मागे एका अरुंद दाराआड चाचांच्या आग्रहाने बसवलेला, खुर्चीसारखा बसायचा संडास. अब्बूंचे हात खरोखर कसबी होते. चाचांचं कसब तोंडात होतं. त्यांनी आयुष्यात पुसदच्या पुढे मुक्काम केला नव्हता, पण मोबाइलवर परदेशी घरगाड्यांचे व्हिडिओ इतके पाहिले होते की, “ते लोक असं नाही करत,” हे वाक्य ते चहात साखर घालणाऱ्यालाही ऐकवत.

उमेराला गाडीचं कौतुक नव्हतं. तिला गाडी हवी होती एवढ्यासाठी की, दिवाळीच्या सुट्टीत तिघींना सहस्रकुंडचा धबधबा पाहायचा होता. तिघींपैकी एकीनेही घराबाहेर मैत्रिणींसोबत रात्र काढली नव्हती आणि दहावीनंतर कोण कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. तिन्ही घरांची परवानगी शेवटी एकाच बाईपाशी येऊन थांबली होती. त्या साधनाच्या आई, इंदूबाई. इंदूबाई अंगणवाडी चालवत. त्यामुळे कोणतंही काम त्या तीन मुद्द्यांत मांडत आणि चौथा ऐकत नसत.

“उजेड, पाणी, संडास,” इंदूबाई म्हणाल्या होत्या. “पोरी जिथं थांबतीन तिथं हे तीन पाह्यजे. आधी तुम्ही मोठे माणसं जाऊन पाहून या. साधना संगं येईन अन् मले खरं खरं सांगन. एकही कमी निघालं तं तिघीही घरी.”

म्हणजे परदेशातल्या खांबावर जे असतं, तेच इंदूबाईंनी एकही व्हिडिओ न पाहता मागितलं होतं.

उमेराने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. यवतमाळ ते सहस्रकुंड, मधे तीन मुक्काम, प्रत्येकापुढे तीन रकाने. दोन दिवस तिने फोन केले. दारव्ह्याजवळच्या एका पंपाचा मालक म्हणाला, लावा गाडी मागच्या बाजूला. दिग्रसच्या एका मंगल कार्यालयात लग्नसराई नसल्यामुळे शुकशुकाट होता. आठ संडास, मोठी टाकी, झगझगीत दिवे. तिथला व्यवस्थापक तर म्हणाला, ताई, वाटलं तर स्टेजवर लावा. तिसरी, सहस्रकुंडजवळची ओळ तेवढी अजून रिकामी होती. तिने तक्ता मोठ्या ऐटीत गॅरेजातल्या बाकावर पसरला.

चाचांनी तो चष्मा वर-खाली करून पाहिला. “मंगल कार्यालय म्हंजे काही कॅम्पग्राउंड नाही झालं. ते लोक असं नाही करत.”

“त्यायच्याकडं मंगल कार्यालय असते काय?”

“अन् हे पंपावर?” अब्बूंनी बोट ठेवलं. त्यांचा चेहरा खरोखर दुखावला होता. “पंपाच्या आधी बोरी अरब येते. तिथी फुफी हाये माही, अब्बाची सख्खी बहीण. तिच्या दारावरून गाडी नेऊन पंपावर झोपू? नाक कापाचं काय खानदानाचं?”

“अब्बू, बोरी अरब इथून तासभर हाये. तासभर चालून मुक्काम कोण करते?”

“फुफी असली की करतात.”

“अन् दिग्रसले माहा लालसिंगभौ हाये ना,” अब्बू पुढे म्हणाले. “गावाबाहेरच तांडा हाये त्याचा. त्याचे दोन्ही ट्रॅक्टर मीच पाहतो. त्याले समजलं का मी मंगल कार्यालयात थांबलो, तं तो ट्रॅक्टर विकून टाकन पण माह्याकडं आणणार नाही.”

तेव्हा उमेराच्या लक्षात आलं की, आपला बाप जिल्ह्यातल्या निम्म्या इंजिनांचा नाडीवैद्य आहे आणि त्याला अनोळखी ठिकाणी झोपताच येणार नाही. परदेशात जागा खांब पाहून निवडत असतील. इथे आधी माणूस निवडायचा आणि खांब त्याच्या घरी निघेल अशी आशा धरायची. तिने मुकाट्याने दोन्ही ओळींवर काट मारली.

तरी तिच्या आग्रहाखातर अब्बूंनी लालसिंगला फोन लावला. “लालसिंगभौ, लाइन-गिन बरोबर हाये ना?”

“तुम्ही या तं मिस्त्री,” पलीकडून आनंदी आवाज आला. “तुम्ही आले म्हंजे सगळं होते.”

“पाहा,” अब्बू म्हणाले. “सगळं हाये.”

शनिवारी शाळा सुटल्यावर घरगाडी निघाली. चाचा चालवायला, बाजूला अब्बू, मागच्या पलंगावर अम्मी, उमेरा आणि साधना. अम्मी म्हणजे नुजहत, तिने येताना घरचा स्टोव्ह, दोन घागरी आणि कंदील घेतला होता. “चाचांचा खांब नाही सापडला तं,” एवढंच ती म्हणाली.

बोरी अरबला गल्लीत गाडी वळली तेव्हा खैरुनबी फुफी ओट्यावर उभीच होती. सत्तरीची, सडपातळ, आणि आवाज मात्र मशिदीच्या भोंग्याशी बरोबरी करणारा. चाचांनी उतरताच पन्नास फुटांची वायर उलगडायला घेतली.

“हे काय करून राह्यला?”

“फुफी, हुकअप. तुमच्या घरातून लाइट घेऊन आम्ही गाडीत झोपतो.”

“गाडीत कोण झोपते?”

“आम्ही. टेस्टिंग हाये.”

“माह्या दारात येऊन गाडीत झोपता?” फुफीने वायरवर पाय ठेवला. “उद्या गल्ली म्हणन, खैरुनबीनं भाच्याले घरात घेतलं नाही, बिचारा मोटारीत निजला. टेस्टिंग आपल्या घरी जाऊन कर. चला आत. बकरं कापलं हाये.”

“फुफी, निदान संडास तं गाडीतला—”

हे म्हणायला नको होतं. फुफीने साधनाचा आणि उमेराचा हात धरला, दोघींना थेट मागच्या अंगणात नेलं आणि दार उघडून दाखवलं. आकाशी टाइल्स, खालपासून वरपर्यंत, प्रत्येकीवर एक मासोळी. “मागच्या ईदले बसवल्या. मुलगा दुबईतून फोन करून विचारते, अम्मी, टाइल्स कशा हायेत. अन् तुम्ही मोटारीत जाता?”

साधनाने वही काढून काहीतरी लिहिलं.

दरम्यान गल्ली गाडीत शिरली होती. रुखवत पाहायला याव्यात तशा बाया ओळीने येत होत्या. पलंग दाबून पाहायचा, आरशात पदर सारखा करायचा आणि सिंकची तोटी फिरवून “पाणी येते वो बाई,” म्हणायचं. मागून येणारी म्हणे, “मले पाहू दे,” आणि ती पुन्हा तोटी फिरवी. चाचा दाराशी उभं राहून प्रत्येकीला पंपाची रचना समजावत होते. बत्तीस बायांनी पाणी येतं याची खात्री करून घेतल्यावर ते यायचं बंद झालं. दोनशे लिटर पाणी फुफीच्या नालीतून अडाण नदीच्या वाटेला लागलं होतं.

“नळ कधी येते इथी?” अम्मीने विचारलं.

“चार दिवसाआड,” फुफी म्हणाली. “काल येऊन गेला.”

सगळे घरात झोपले, गाद्यांवर, पंख्याखाली. सकाळी फुफीने आपल्या ड्रममधून चार बादल्या टाकीत ओतायला लावल्या, त्याही कसम घालून. घरगाडीतलं एकही बटण दाबलं गेलं नव्हतं. उमेराने तक्त्यात पहिल्या मुक्कामापुढे लिहिलं: उजेड, फुफीच्या हॉलमध्ये भरपूर. पाणी, गेलं. संडास, मासोळ्या छान.

“टेस्टिंगचा डाटा गेला,” चाचा स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले. “ते लोक असं नाही करत.”

“त्यायले फुफी नसतीन,” उमेरा म्हणाली.

दारव्ह्याच्या पुढे अर्ध्या रस्त्यावर लोकांनी सोयाबीन वाळत घातलं होतं, त्यामुळे उरलेल्या अर्ध्यातून चाचा मिरवणुकीसारखे चालले होते. दोन्ही बाजूंना कपाशीची पहिली बोंडं फुटली होती. लांब टेकड्यांवर साग उभे होते, आणि एका वळणावर अचानक धरणाचं पाणी दिसलं, आरसा उताणा टाकल्यासारखं. रस्ता सुंदर होता. उमेराने हे कबूल केलं, कारण त्यात चाचांचा काही हात नव्हता.

तांड्यावर पोचले तेव्हा दहा वाजले होते. लालसिंग वेशीवर हात जोडून उभा होता आणि त्याच्यामागे निम्मा तांडा. इतकं स्वागत ट्रॅक्टर-मिस्त्रीचं होत असतं का, अशी पुसट शंका उमेराला आली. चाचांनी वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकलं.

“लालसिंगभौ, बोर्ड कुठी हाये?”

“बोर्ड हाये ना घरात. बोर्ड लय हायेत.”

“लाइन हाये ना त्याच्यात?”

“लाइनचं असं हाये मिस्त्री,” लालसिंग चाचांशी न बोलता अब्बूंशी बोलला, “डीपी जळाली आमची. नऊ दिवस झाले, सगळा तांडा अंधारात. मंग कोणं तरी सांगतलं, मिस्त्री गाडी घेऊन येऊन राह्यला, चार बॅटऱ्यावाली, वरतून सोलर. मी याडीले म्हटलं, काळजी नको करू. माह्या दोस्ताच्या गाडीत लाइट हाये.”

याडी म्हणजे त्याची आई, सुखीबाई. ती खाटेवरून हात वर करून हसली.

अब्बू काही बोलायच्या आत लालसिंगची बायको मानीबाई चार्जर घेऊन आली. एकच, फक्त एकच मोबाइल. त्याच्यामागे दुसरा आला. मग कोणी सहा पिनांची पट्टी आणली, तिला दुसरी पट्टी जोडली, आणि अर्ध्या तासात घरगाडीच्या खिडकीतून मोबाइल असे लोंबत होते जशी वडाला वटवाघळं. मानीबाईने चटणीसाठी मिक्सर आणला. चाचांची पन्नास फुटी वायर अखेर उलगडली, पण उलट दिशेने. तिचं एक टोक गाडीत होतं आणि दुसरं लालसिंगच्या फ्रिजला. ते टोक चाचांना स्वतःच्या हाताने जोडावं लागलं. कोणत्याही व्हिडिओत त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

“चाचा,” उमेरा गोड आवाजात म्हणाली, “येणारं येते, जाणारं जाते, असंच ना?”

चाचांनी वायरचा पीळ काढायला घेतला.

चार बादल्या पाण्याचा चहा झाला. एवढ्यावर निभावलं असतं, तर दुपारी मटण-भाकरी खाऊन, पट्ट्या काढून निघता आलं असतं. अब्बू तसं तीनदा म्हणालेही. पण जेवण उरकता उरकता सुखीबाई उठली, काठी टेकत गाडीत चढली आणि मागच्या अरुंद दाराआड गेली.

ती लवकर बाहेर आली नाही. मानीबाईने दारावर थाप मारली. “याडी, बरं हाये ना?”

“बरं हाये,” आतून आवाज आला. “लय बरं हाये. बसली हाये मी.”

बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गुडघे गेल्यापासून पाच वर्षं तिला रोज सकाळी दोन सुनांनी धरून बसवायचं आणि दोघींनी धरून उठवायचं. आज ती एकटी बसली होती आणि एकटी उठली होती. हे तिने अब्बूंना सांगितलं नाही, अख्ख्या तांड्याला सांगितलं, गाडीच्या पायरीवर उभी राहून. मग पदराने डोळे पुसून ती लालसिंगला म्हणाली, “ही गाडी जाते कायले?”

चाचांचं थोबाड पाहण्यासारखं झालं होतं. चार महिने ते ज्या वस्तूचं व्याख्यान देत होते, तिची किंमत कळणारा पहिला माणूस त्यांना सापडला होता आणि तो ती परत करणार नव्हता.

लालसिंग डोकं खाजवत अब्बूंकडे पाहू लागला. अब्बूंनी जिल्ह्यातल्या कुठल्याच ट्रॅक्टरवाल्याला आजवर नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी सुखीबाईकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि उमेराला कळलं की संपलं.

“डीपी बसेपर्यंत राहू दे,” अब्बू म्हणाले. “मंग पाहू.”

“डीपीचं अन् याडीच्या गुडघ्याचं काय नातं?” उमेराने विचारलं. तोवर मानीबाईने सासूची खाट गाडीच्या दाराशी आणून टाकली होती.

गाडीचे पंप, वायरी आणि संडासाखालची मैल्याची पेटी यांची माहिती एकालाच होती, म्हणून चाचांनी मागे राहायचं ठरलं. तांड्यातल्या पोरांनी घरामागे शोषखड्डा खणून ठेवला आणि चाचांच्या हातात रबरी मोजे दिले. शेतात ट्रॅक्टर होताच. त्याच्या ट्रॉलीत बसून अब्बू, अम्मी, उमेरा आणि साधना दिग्रसच्या स्टँडवर आले. स्टोव्ह, घागरी आणि कंदील अम्मीच्या मांडीवर होते. प्रत्येक खड्ड्याला तिच्या रिकाम्या घागरी एकमेकींवर आदळत होत्या, पार दिग्रसपर्यंत.

बस मिळाली. अब्बू-अम्मी पुढच्या सीटवर, दोघी मागे. उमेरा खिडकीला डोकं टेकून बसली होती. तक्त्यात दुसऱ्या मुक्कामापुढे काय लिहायचं? तिसरा तर झालाच नाही. घरगाडीत आपण एक मिनिटही झोपलो नाही, साधना हे सगळं खरं खरं सांगणार, आणि इंदूबाई तीन बोटं दाखवून म्हणणार, तिघीही घरी. गंगीला काय सांगायचं? बापाची दोस्ती आणि चाचांचे व्हिडिओ यांच्या पायी सहस्रकुंड गेलं, हे?

“तू लिहिलं काय वहीत?” तिने साधनाला विचारलं.

साधनाने वही दिली. त्यात गाडीबद्दल अक्षरही नव्हतं. पहिल्या पानावर होतं: बोरी अरब. लाइट व्यवस्थित, पंखे तीन. पिण्याचं पाणी ड्रममध्ये, झाकलेलं. संडास अतिशय स्वच्छ, आतून कडी, मासोळ्या. दुसऱ्या पानावर: तांडा. लाइट गाडीवरून. विहीर घराजवळ. संडास दोन, एक म्हाताऱ्यांसाठी.

“हे तं घरांचं लिहिलं तू.”

“आईनं कुठी म्हटलं गाडीचं पाहा? ती म्हणे, पोरी जिथं थांबतीन तिथलं पाहा.”

उमेराने वही दोनदा वाचली. तेवढ्यात साधनाचा फोन वाजला. इंदूबाई होत्या आणि आवाज वेगळाच होता, दमलेला.

“साधना, हे खैरुनबी कोण हाये? अर्धा तास बोलली ते माह्याशी. टाइल्स कोणत्या दुकानातून घेतल्या तेही सांगतलं. म्हणे, दिवाळीत पोरी माह्याकडंच उतरतीन, नाही पाठवलं तं मीच यवतमाळले येते. फोन ठेवला तं कोणी मानीबाई. तिची नणंद सहस्रकुंडच्या बाजूले देली म्हणे, बोअर हाये, नवा संडास हाये. तिनं तिलेही लाइनवर घेतलं.” इंदूबाईंनी श्वास घेतला. “मले नंबर कोणं देला यायले?”

“मी,” साधना म्हणाली. “मागतला त्यायनं.”

“बरं. मी येते संगं. टाइल्स पाहाच्या हायेत मले.”

बस दारव्ह्याच्या स्टँडात शिरली. फलाटावर कोणी संत्री विकत होतं. कंडक्टर चहाला उतरला. उमेराने वही मिटली, उभी राहिली आणि पुढच्या सीटच्या दांडीवर दोन्ही हात टेकवले. वक्तृत्वाच्या स्टेजवर टेकवायची तसे.

“अब्बू, अम्मी. एक सांगायचं हाये.”

“विचार ना,” अब्बू थकलेल्या आवाजात म्हणाले.

“विचारायचं नाही, सांगायचं हाये. गंगीची भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सहस्रकुंडले जाऊन राह्यलो. एसटीनं. इंदूमावशी संगं. पहिला मुक्काम फुफीकडं, दुसरा मानीबाईकडं, तिसरा तिच्या नणंदेकडं.”

अम्मीने मागे वळून पाहिलं आणि मांडीवरचा कंदील पहिल्यांदा खाली ठेवला.

अब्बू मात्र गोंधळले होते. “अन् मंग गाडी? मी तं दिवाळीच्या आधी तिले घेऊन येतो म्हणत होतो. लालसिंगले समजावून सांगीन काही तरी.”

“गाडी हालवायची नाही,” उमेरा म्हणाली. “चाचालेही तसा फोन करा. दुसऱ्या मुक्कामाचा उजेड तिच्यातून येते.”